शेवटच्याचा चहा

लांबच्या गावाला जाऊन करावी अशी सायकल राइड कोणती, असं मला हल्ली लोक विचारतात. मी घाटाचं नाव सांगेन, रस्ता कुठं चांगला आहे ते सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असते. मी म्हणते, आधी त्यांचं पत्रक मागवा आणि त्यातली वाक्यं तपासा. वाक्याला कर्ता आहे का ते बघा. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नाही. हे मला माझ्या मायनं शिकवलं, तेही स्वतः मागं राहून, आणि त्याबद्दल मी तिचे आभार अजून नीट मानलेले नाहीत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. पडेगावच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ज्वारीच्या डब्याला लागून पत्रकांचे गठ्ठे असत. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. हात लावला की शाई बोटाला यायची. मी काना-मात्रा शिकले त्या मागण्यांच्या यादीतून. आमच्या घरी 'आ' आईचा नव्हता, आंदोलनाचा होता. रविवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून छावणीपासून हर्सूलपर्यंत पत्रकं वाटत हिंडायचे आणि येताना दुसऱ्यांची पत्रकं गोळा करून आणायचे. मग घरी त्यांची चिरफाड. 'पाणीपुरवठा सुरळीत करण्यात येईल' असं वाक्य आलं की ते त्यावर बोट ठेवायचे.

"संपादकबाई, कोण करणार?"

"लिहिलेलं नाही बाबा."

"मंग कुणीच करणार नाय. पुढं वाच."

आणखी एक त्यांची शिकवण होती. पत्रक खालून वाचायचं. वर घोषणा असतात, त्या सगळ्यांच्या सारख्याच. खरं काय ते तळाला बारीक अक्षरात असतं. मी आज एका छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करते, लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि अजूनही मी कागद हातात आला की आधी तळ बघते. एकदाच चुकले. ते एकदा मायच्या वाट्याला आलं.

माय मेंढपाळांच्या घरातली. लहानपणी ती कळपामागं इतकी चालली आहे की तिला अंतर कोसांत नाही, मुक्कामांत मोजता येतं. लग्नानंतर पडेगावला आली आणि चालणं संपलं नाही, फक्त मेंढरं गेली. छावणीजवळच्या एका वसतिगृहात ती पोळ्या लाटते. शेअर रिक्षा सकाळी भरूनच येतात, हात केला तरी थांबत नाहीत. एक दिवस ती चिडून म्हणाली, "ती तुझी शाळंतली सायकल काढ." पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, साडीचा काष्टा मारून, घरामागच्या मोकळ्या मैदानात पंधरा दिवस पडली आणि उठली. बाबा दारात बसून सूचना द्यायचे. "समोर बघ, चाकाकडं नको!" माय तिथूनच ओरडायची, "तुमच्या भाषणात बायकांनी पुढं यावं म्हणता ना? मंग आता बाजूला व्हा!"

महिनाभरात ती वसतिगृहाला सायकलनं जाऊ लागली. सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघी दौलताबादच्या रस्त्याला लागायचो. किल्ल्याच्या दरवाजाच्या अलीकडं एका टपरीवर चहा, आणि परत. मी दर दोन महिन्यांनी कुठंतरी बाहेरगावी राइडला जायचे. शंभर-दोनशे जण एकत्र सायकल चालवतात, वाटेत थांबे असतात, शेवटी जेवण असतं, हे सगळं ती माझ्याकडून ऐकायची. एकदा पोळी लाटता लाटता तिनं विचारलं, "तुझ्या त्या सायकलींच्या जत्रंत मला नेशील का? मी आतापतूर लई गावं पाह्यली, पन समदी मेंढरांच्या मागून. एकदा माझं माझं जाऊन पाहावं म्हनते."

माझ्या मायनं आयुष्यात स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील. ही त्यातली एक होती. मी ठरवलं, हिला साध्यासुध्या राइडला न्यायचं नाही. सगळ्यात चांगल्या राइडला न्यायचं.

आणि मी चुकले. पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरातल्या राइडचं पत्रक मला मोबाइलवर आलं होतं. काय भाषा होती! सायकल हे समतेचं वाहन आहे, रस्ता सगळ्यांचा आहे, वेगाची सत्ता नाकारूया. मी ते छापखान्यात उभ्यानं दोनदा वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्याच घरातलं कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. तळाला बारीक अक्षरात होतं, 'सर्व सहभागींची काळजी घेण्यात येईल. मागे राहणाऱ्यांना वाहनातून आणले जाईल.' तेही मी वाचलं. पण सगळ्यात शेवटी वाचलं, आणि तोवर मी पैसे भरून टाकले होते.

राइड चाळीस किलोमीटरची होती. घरी सरावात माय तेवढं करत होती, फक्त मध्ये दोनदा बसून. सुरुवातीला मी तिच्याबरोबर होते. मग ती म्हणाली, "जा की तू, माझ्यासाठी कशाला रांगती?" मी गेले. मला ते म्हणणं सोयीचं होतं, म्हणून मी ते लगेच खरं मानलं. पहिल्या थांब्यावर मी पोहोचले, चहा घेतला, केळं खाल्लं, पाय ताणले, चार ओळखी केल्या. वीसेक मिनिटांनी माय आली. घामानं डबडबलेली, तोंड लाल, पण हसत. ती सायकलवरून उतरतेय तोच शिट्टी वाजली. "आले सगळे? चला, निघूया!" सगळे टांग मारून तयार. मीही. मीच तिला म्हणाले, "चल माय, निघतायत."

दुसऱ्या थांब्यावर तेच झालं. तिसऱ्यावरही तेच. जे पुढं होते त्यांना प्रत्येक वेळी वीस मिनिटं बसायला मिळालं. जिला बसण्याची सगळ्यात जास्त गरज होती तिला एक मिनिटही नाही. ती आली की थांबा संपायचा. तिचं येणं हीच बाकीच्यांची निघण्याची खूण होती. त्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं नाही. मी, जिला दुसऱ्याच्या वाक्यातला नसलेला कर्ता दिसतो, तिला स्वतःची माय उभ्या उभ्या पाण्याची बाटली बंद करताना दिसली नाही.

शेवटच्या दहा किलोमीटरच्या आत ती रस्त्याकडेला बसली. मागून गाडी आली. त्यातला माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "काकू, बसा गाडीत, सायकल आम्ही टाकतो वर." तिला उतरवलं ती समारोपाच्या कमानीपाशी. तिथं सगळ्यांना पदक देत होते. तिच्याही गळ्यात घालायला एक मुलगी पुढं आली. मायनं हात मध्ये धरला.

"मला नको बाई. मी नाय पोचले. गाडी पोचली, तिला घाल."

मुलगी हसली, तिला विनोद वाटला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या बसमध्ये माय खिडकीशी बसून होती. मी रागानं धुमसत होते. मी तिला सांगत होते की मी त्यांना सोडणार नाही, त्यांची समता चव्हाट्यावर आणीन. ती बाहेर बघतच म्हणाली, "आमच्यात कळप पाण्यावर आला ना, तर शेवटचं मेंढरू पिऊन होईस्तवर कुनी काठी उचलायचं नाय. माझा बाप तर पाठमोरा बसायचा. म्हनायचा, आपन उभं दिसलो तर लंगडं मेंढरू पोट न भरताच पळतं."

घरी आल्यावर तिनं सायकल भिंतीला लावली आणि म्हणाली, "झालं. पाह्यलं एकदा." वसतिगृहाला ती सायकलनंच जात राहिली, पण रविवारी दौलताबादच्या रस्त्याला चल म्हटलं की गुडघ्याचं निमित्त. एवढीच गोष्ट तिनं मागितली होती आणि ती मी तिच्या हातातून काढून घेतली होती. मला ती परत द्यायची होती. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मला सुचणारी पहिली गोष्ट म्हणजे पत्रक. मी जळजळीत निषेधपत्रक लिहिलं, स्वच्छ जुळवलं, एक प्रत काढून घरी आणली. बाबांनी वाचून मान हलवली. "धार हाय." माय रात्रशाळेत वाचायला शिकलेली, हळू वाचते, ओळीखाली बोट सरकवत. बाबांच्या सवयीनं तीही खालून वाचते.

"ही 'ज्येष्ठ महिला' कोन?"

"तू."

"मंग माय म्हन की. ज्येष्ठ महिला म्हनं!" बोट वर सरकलं आणि थांबलं. "'त्यांना मागे सोडण्यात आले.' कुनी सोडलं?"

मी तोंड उघडलं. आयोजकांनी, असं म्हणणार होते. बाबा माझ्याकडं बघत होते. ती काही टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाक्य कळलं नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"मी," मी म्हणाले. "मीही."

"आसं व्हय," ती म्हणाली आणि कागद घडी घालून परत दिला. "मंग तसं लिव्ह. न्हाय तर नको लिव्हू."

मी ते पत्रक छापलं नाही. मला आतापर्यंत मिळालेली सगळ्यात मोठी दुरुस्ती ती होती, आणि ती करणारीनं माझ्यावर आवाजही चढवला नव्हता. दुसरी कुणी असती तर बसमध्येच ऐकवलं असतं. मी तिच्या जागी असते तर आयुष्यभर ऐकवत राहिले असते.

मग मी राइड शोधायला लागले, पण आता नीट. एकेकाला फोन करायचे आणि एकच विचारायचे. शेवटचा माणूस थांब्यावर पोहोचल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? लोक गोंधळायचे. एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे रुग्णवाहिका असते." दुसरा म्हणाला, "मागच्यांची पूर्ण व्यवस्था करण्यात येते." तिसऱ्यानं तर सांगितलं की त्यांच्याकडं कुणी मागं राहतच नाही. हे ऐकून मी फोन ठेवला. जिथं कुणी मागं राहत नाही तिथं कुणाला तरी आधीच घरी ठेवलेलं असतं.

अशात जालन्याच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावातून एक निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. घोषणा नाही, चित्र नाही, चार ओळी. रविवारी सकाळी तलावापर्यंत जाऊन येणार, कुठलीही सायकल चालेल, डबा आपापला. आणि तळाला, 'शेवटच्या माणसाचा चहा झाला की आपण निघतो.'

मी ते वाक्य परत परत वाचलं. आपण. कर्ता होता, आणि त्यात लिहिणारीही होती, वाचणारीही. फोन लावला. गावात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. मागं मशीनची खडखड ऐकू येत होती.

"पण घाई असली तर?" मी विचारलं.

"घाई असली तर बशीत ओतून देतो. पण पिऊ देतो."

"आणि मागं कोण असतं?"

"मीच की! मला पुढं जायला जमतच नाही, दम लागतो. म्हणून तर हा नियम काढलाय. पहिल्या राइडला मला एक घोट मिळाला नव्हता." आणि त्या मोठ्यानं हसल्या.

मायला सांगितलं तर तिनं आधी मान हलवली. मी तो निरोप तिच्यापुढं धरला. तिनं खालून वाचला. बोट त्या ओळीवर थांबलं, तिनं ती दुसऱ्यांदा वाचली.

"तू कुठं असशील?"

"तुझ्या मागं. शपथ."

"मागं येऊन काय करती? तिकडं समोरून वारा आसतो. माझ्या पुढं ऱ्हा आन् वारा आडव. पन दिसंल एवढ्याच पुढं."

भाजी घेऊन शहरात येणाऱ्या पिकअप दुपारी रिकाम्या परततात. शनिवारी अशाच एका पिकअपमध्ये आमच्या दोन सायकली कोथिंबिरीच्या रिकाम्या पोत्यांवर आडव्या टाकून आम्ही निघालो. बाबा निरोप द्यायला बाजारापर्यंत आले होते. "अध्यक्षबाई," ते मायला म्हणाले, "पडलीस तर सांगू नको. पोचलीस तर फोन कर." माय म्हणाली, "तुमाला फोन करत बसू का सायकल चालवू?" मुक्काम त्या शिलाईवाल्या बाईंच्याच घरी केला.

सकाळी तीसेक जण जमले. शाळामास्तर होते, दवाखान्यातल्या दोन परिचारिका होत्या, गिअरच्या सायकली चार-पाच, बाकी सगळ्या साध्या. एक निवृत्त एसटी कंडक्टर होते, खाकीच शर्ट घातलेला. त्यांच्या सायकलला घंटी मोठी. दोन्ही बाजूंनी ज्वारी कणसावर आली होती आणि वारा खरंच समोरून होता. मी मायच्या चार हात पुढं राहून तो छातीवर घेत होते. मागून सूचना यायच्या. "आडवी नको जाऊ! नीट आडव की!" तिच्याही मागं शिलाईवाल्या बाई धापा टाकत येत होत्या आणि तेवढ्या धापेतही मायला गावातल्या लग्नांची हकिगत सांगत होत्या.

पहिल्या थांब्यावर आम्ही तिघी शेवटी पोहोचलो. सगळे बाभळीखाली बसलेले. मायनं सवयीनं सायकल उभीच धरली, बाटली काढली, दोन घोट घेऊन झाकण लावायला लागली. कुणीही उठलं नाही. एकानं तिच्या हातात कप दिला. तिनं तो घाईनं तोंडाला लावला आणि जीभ भाजली.

"अहो ताई, हळू!" शिलाईवाल्या बाई म्हणाल्या. "चहा आहे, औषध नाही."

माय खाली बसली. फुंकून फुंकून प्यायली. मी बघत होते, कुणी घड्याळाकडं बघतंय का, कुणी उगाच उभं राहतंय का. नाही. मास्तर तर रस्त्याकडं पाठ करून बसले होते. तिचा कप खाली टेकल्यावर कंडक्टरकाका उठले आणि त्यांनी घंटी दोनदा वाजवली. डबल बेल, एसटीत गाडी सोडताना देतात तशी. मग सगळे उठले. सदतीस वर्षं, म्हणे, त्यांनी माणूस पायरीवर असताना बेल दिली नव्हती.

दुसऱ्या थांब्याला मायनं रिकामा कप पुढं केला. "आजून आर्धा मिळंल का?"

"झालं!" कंडक्टरकाका कपाळावर हात मारून म्हणाले. "गाडी लेट!" सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त माय हसली. गेल्या तीन महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मला तिथंच रडायला येत होतं, म्हणून मी चाकातली हवा तपासायला गेले.

हवा खरंच कमी होती. परतीच्या वाटेवर, शेवटच्या थांब्याच्या अलीकडं, चाक बसलं. बाभळीचा काटा. मायला थांबू दिलं नाही. वारा आता पाठीमागून होता, तिला माझी गरज नव्हती. शिलाईवाल्या बाई माझ्याजवळ थांबल्या. पंक्चर काढायला मला फार वेळ लागला, एकदा ठिगळ निसटलं, परत लावलं. वारा अडवून मांड्या भरून आल्या होत्या, आणि पुन्हा निघाल्यावर लहानशा चढालाही माझा जीव वर येत होता. त्या दिवशी सगळ्यांत शेवटी मी होते, बाईंच्याही मागं. इतक्या राइड केल्या, पण शेवटी असणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पुढं रस्ता रिकामा दिसतो आणि वाटतं, गेले असतील सगळे.

गेले नव्हते. वळणावरून लिंबाचं झाड दिसलं, त्याखाली सगळीच्या सगळी माणसं. मी उतरले आणि तोंडातून पहिला शब्द आला तो "चला." खरंच. मीच म्हणाले, "सॉरी, उशीर झाला, चला निघूया."

"गप बस," माय म्हणाली.

ती कंडक्टरकाकांच्या सायकलजवळ उभी होती. एक हात घंटीवर. काका बाजूला दगडावर बसून म्हणत होते, "आज बेल ताईंकडं दिलीय. आम्हाला आता अधिकार नाही."

कुणीतरी माझ्या हातात कप दिला. घाईत चहा बशीत सांडला. मायनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फिरवलं. पाठमोरी झाली. मी हळू प्यायले. तळाशी थोडी साखर राहिली होती, तीही बोटानं काढून खाल्ली. मग कप खाली ठेवला. तिनं वळून न बघताच तो आवाज ऐकला असावा.

घंटी दोनदा वाजली.